छंदाच्या डिकॅलसाठी घरगुती प्रिंटर कसा निवडावा

आगगाडीचा डबा, लढाऊ विमान किंवा एसटीची बस, प्रतिकृती कशाचीही असली तरी तिच्यावर क्रमांक, नाव आणि चिन्ह उमटल्याशिवाय तिला स्वतःची ओळख येत नाही. प्रतिकृती जोडण्याच्या परदेशी संचांबरोबर त्या त्या देशाच्या चिन्हांचे तयार डिकॅल, म्हणजे प्रतिकृतीवर उतरवून बसवायची पातळ छापील चिन्हे, येतात. मात्र १:८७ प्रमाणातील, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढ्या, मालडब्यावर ‘मध्य रेल’ लिहायचे असेल, १:७२ च्या विमानावर भारतीय हवाई दलाच्या एका विशिष्ट स्क्वाड्रनचे चिन्ह हवे असेल किंवा बसवर आपल्या गावच्या आगाराचे नाव हवे असेल, तर बाजारात तयार काही मिळण्याची शक्यता फार कमी असते. असे डिकॅल स्वतःच छापावे लागतात आणि त्यासाठी घरी कोणता प्रिंटर घ्यावा हा प्रश्न प्रत्येक छांदिष्टापुढे कधी ना कधी येतो.

या प्रश्नाचे उत्तर बहुतेक जण प्रिंटरच्या खोक्यावर शोधतात. मिनिटाला किती पाने निघतात, वायफाय आहे का, एका पानाचा खर्च किती, हे तपशील कार्यालयीन कामासाठी उपयोगाचे असले तरी डिकॅलसाठी त्यांना जवळजवळ काही अर्थ नाही. डिकॅलसाठी आधी आपल्या प्रतिकृतीकडे पाहावे लागते. ज्या पृष्ठभागावर डिकॅल बसणार त्याचा रंग कोणता, अक्षरांचा रंग कोणता आणि वर्षातून किती वेळा आपण छापणार, या तीन गोष्टी ठरल्या की प्रिंटरची निवड बरीचशी आपोआप होते. माझ्या मते यांतील पहिल्या दोन गोष्टी सर्वांत महत्त्वाच्या आहेत आणि नेमक्या त्याच सर्वांत उशिरा लक्षात येतात.

पाण्याने सरकणारा डिकॅल कसा बनलेला असतो हे थोडक्यात सांगायला हवे, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. खाली कागद, त्यावर पाण्यात विरघळणाऱ्या डेक्स्ट्रिनच्या डिंकाचा थर आणि त्यावर अतिशय पातळ फिल्म अशी त्याची रचना असते. छपाई त्या फिल्मवर होते. तुकडा पाण्यात भिजवला की डिंक सुटतो आणि फिल्म छपाईसकट सरकवून प्रतिकृतीवर बसवता येते. साध्या कागदाप्रमाणे ही फिल्म शाई शोषून घेत नाही. त्यामुळे शाई तिच्यावर कशी टिकेल आणि पाण्यात घातल्यावर तिचे काय होईल, हे प्रिंटरच्या प्रकारावर ठरते.

आधी पांढऱ्याचा विचार

घरगुती रंगीत प्रिंटरमध्ये निळसर सायन, मॅजेंटा, पिवळा आणि काळा असे चार रंग असतात. पांढरा त्यांत नसतो, कारण कागद पांढरा आहे असे प्रिंटर गृहीत धरतो आणि जिथे पांढरे हवे तिथे काहीच छापत नाही. शिवाय सायन, मॅजेंटा आणि पिवळा हे तिन्ही रंग मुद्दामच पारदर्शक ठेवलेले असतात, कारण खालच्या पांढऱ्या कागदावरून प्रकाश परत आल्यावरच त्यांच्या मिश्रणातून इतर रंग दिसतात. हीच छपाई पारदर्शक फिल्मवर घेऊन गडद पृष्ठभागावर बसवली, तर पिवळी अक्षरे निळ्या डब्यावर जवळजवळ नाहीशी होतात आणि पांढरी अक्षरे तर मुळातच छापलेली नसतात. साध्या प्रिंटरचा फक्त काळा रंग पुरेसा अपारदर्शक असतो.

म्हणून कागद-पेन्सिल घेऊन पुढच्या काही प्रतिकृतींवर काय छापायचे आहे याची यादी करावी. बसच्या पिवळ्या नंबरप्लेटवरील काळे आकडे, फिकट राखाडी विमानावरील काळ्या सूचना, पांढऱ्या अंगावर लाल पट्टा असलेल्या डब्ल्यूएपी-७ इंजिनावरील गडद अक्षरे, अशी कामे कोणत्याही साध्या प्रिंटरने उत्तम होतात. तपकिरी बॉक्सएन मालडब्यावरील पांढरी अक्षरे हे मात्र साध्या प्रिंटरच्या आवाक्याबाहेरचे काम आहे. यादीत पहिल्या प्रकारची कामे जास्त असतील तर महागड्या यंत्राकडे पाहण्याचीही गरज नाही.

पांढऱ्याचा प्रश्न प्रिंटर न बदलता सोडवण्याचे काही मार्ग आहेत आणि खरेदीपूर्वी ते माहीत असले तर बराच खर्च वाचतो. पहिला मार्ग पांढऱ्या फिल्मच्या डिकॅल कागदाचा. भारतीय हवाई दलाचे वर्तुळाकार चिन्ह हे यासाठी फार सोयीचे उदाहरण आहे. त्यात बाहेर केशरी, मध्ये पांढरे आणि केंद्रात हिरवे असे भाग असतात. पांढऱ्या फिल्मवर केशरी कडे आणि हिरवे वर्तुळ छापले की मधला पांढरा भाग फिल्मचाच मिळतो. सर्वांत बाहेरची कड रंगीत असल्यामुळे वर्तुळ कापण्याच्या कटरने नेमके केशरी कडेवरून कापता येते. कापलेल्या कडेला फिल्मच्या जाडीची बारीक पांढरी रेघ दिसते, तिच्यावर बारीक ब्रशने केशरी रंग फिरवला की काम पूर्ण होते. विमानाचा रंग गडद हिरवा असला तरी केशरी रंग मलूल पडत नाही, कारण त्याच्या मागे पांढरे असते.

दुसरा मार्ग पार्श्वभूमीच छापण्याचा आहे. लाल बसवर पांढरी अक्षरे हवी असतील तर पांढऱ्या फिल्मवर लाल पट्टी छापावी आणि अक्षरांची जागा मोकळी सोडावी. यात अडचण एकच येते, ती म्हणजे छापलेला लाल आणि रंगवलेला लाल एकसारखे दिसणे. हे जुळवण्यासाठी एकाच पानावर लाल रंगाच्या थोड्या थोड्या फरकाच्या अनेक चौकटी छापून त्या प्रतिकृतीशेजारी दिवसाच्या उजेडात ठेवून पाहाव्यात. तरीही पूर्ण जुळणी क्वचितच होते. म्हणून ही पद्धत जिथे पट्टीची कड पत्र्याच्या सांध्यावर, खिडकीखालच्या उंचवट्यावर किंवा पाटीच्या चौकटीवर संपते, अशाच ठिकाणी वापरावी. मोकळ्या सपाट अंगाच्या मध्यभागी असा तुकडा लगेच डोळ्यांत भरतो.

तिसरा मार्ग म्हणजे पारदर्शक फिल्मवर रंगीत चिन्ह छापणे आणि त्याच्या खाली त्याच आकाराचा पांढरा तुकडा आधी बसवणे किंवा तिथे मास्किंग टेप लावून पांढरा रंग मारणे. पट्टे, चौकोन आणि वर्तुळे यांना ही पद्धत चालते, अक्षरांना चालत नाही. या तिन्ही मार्गांनी आपल्या यादीतील बहुतेक कामे होत असतील, तर उरलेल्या दोनचार कामांसाठी पांढरे छापणारे यंत्र घरी आणण्यापेक्षा ती बाहेरून करून घेणे शहाणपणाचे ठरते.

इंकजेट कोणासाठी

अनेक घरांत इंक टँकचा प्रिंटर, म्हणजे टाकीत शाई भरून वापरायचा इंकजेट, आधीपासूनच असतो आणि तो डिकॅलसाठी नक्कीच वापरता येतो. रंगांच्या छटा सौम्यपणे एकमेकींत मिसळलेल्या हव्या असतील, उदाहरणार्थ विमानाच्या नाकावरील चित्र किंवा ट्रकच्या मागच्या फळीवरचे रंगीत मोर, तर लेझरपेक्षा इंकजेटची छपाई अधिक चांगली दिसते. लेझरमध्ये फिकट छटा बारीक ठिपक्यांच्या जाळीतून तयार होतात आणि जवळून पाहताना ती जाळी दिसते.

इंकजेट निवडताना शाईचा प्रकार विचारून घ्यावा. डाय शाई पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची असते, तर पिगमेंट शाईत रंगाचे सूक्ष्म कण असतात आणि ती वाळल्यावर पाण्याला व उन्हाला सहजासहजी दाद देत नाही. अनेक घरगुती टँक प्रिंटरमध्ये काळी शाई पिगमेंटची आणि रंगीत शाया डायच्या असतात, काहींमध्ये चारही डायच्या असतात, तर कार्यालयांसाठी बनवलेल्या काही मॉडेलांमध्ये चारही पिगमेंटच्या असतात. एप्सन ‘ड्युराब्राइट’ या नावाने जी शाई विकते ती पिगमेंट शाई आहे. नवा इंकजेट घ्यायचाच असेल आणि त्याचा मुख्य उपयोग डिकॅलसाठी असेल, तर चारही पिगमेंट शाया असलेला घ्यावा. घरात डाय शाईचा असेल तर तेवढ्यासाठी तो बदलण्याचे कारण नाही, कारण वरून संरक्षक थर दोन्ही प्रकारांना द्यावाच लागतो.

हा थर देणे हा इंकजेटच्या कामाचा सर्वांत नाजूक टप्पा आहे. छापलेले पान किमान काही तास, पावसाळ्यात तर रात्रभर, सपाट ठेवून पूर्ण वाळू द्यावे. मग अॅक्रिलिक क्लिअर, म्हणजे पारदर्शक वार्निशच्या, स्प्रेचा पहिला हात दुरून, धुक्यासारखा अगदी हलका द्यावा. पहिलाच हात ओला बसला तर त्यातील द्रावक शाई पसरवतो आणि बारीक अक्षरांच्या कडा फुटतात. पहिला हात वाळल्यावर आणखी दोनतीन पातळ हात द्यावेत. त्यानंतर कापताना रंगीत भागातून कात्री न चालवता भोवती थोडी पारदर्शक कड ठेवावी, कारण कापलेल्या कडेवर संरक्षक थर नसतो आणि शाई उघडी पडली तर पाण्यात तिथूनच रंग सुटू लागतो. याच कारणाने वर सांगितलेली हवाई दलाच्या चिन्हाची कडेवरून कापण्याची युक्ती इंकजेटवर जपून करावी लागते. कापल्यानंतर कडेला पुन्हा क्लिअरचा बारीक हात देऊन मगच तो तुकडा भिजवावा.

इंकजेटची दुसरी अडचण वापराच्या वारंवारतेशी निगडित आहे. प्रतिकृती बनवणारा माणूस महिनोन्‌महिने रंग, घासकाम आणि जोडकामात असतो आणि मग एका संध्याकाळी त्याला डिकॅल हवे असतात. इंकजेटचे शाई फवारणारे हेड इतका काळ न वापरता राहिले तर शाई त्याच्या बारीक छिद्रांत, म्हणजे नोझलमध्ये, वाळते, छपाईत पांढऱ्या रेघा येतात आणि हेड क्लीनिंग करण्यात बरीच शाई वाया जाते. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात हे विशेष लवकर घडते. घरात मुलांचे प्रकल्प, बिले, अर्ज अशी छपाई दर आठवड्याला होत असेल तर ही चिंता नाही. प्रिंटर फक्त डिकॅलसाठी असणार असेल, तर हे एकच कारण इंकजेट न घेण्यासाठी मला पुरेसे वाटते.

लेझर आणि त्याची खरी ताकद

लेझर प्रिंटरचा टोनर म्हणजे रंगद्रव्य मिसळलेल्या प्लॅस्टिकची अतिशय बारीक भुकटी असते. ती पानावर बसल्यावर फ्यूजर नावाच्या गरम रोलरमधून जाते, सुमारे दोनशे अंश सेल्सिअसच्या आसपासच्या उष्णतेने वितळते आणि फिल्मला चिकटते. ती पाण्यात विरघळत नाही, वाळण्याची वाट पाहावी लागत नाही आणि प्रिंटर सहा महिने बंद राहिला तरी काही बिघडत नाही. लेझरच्या डिकॅललाही क्लिअरचा एक पातळ हात दिला तर हाताळताना टोनर खरवडला जात नाही, पण तो दिल्याशिवाय पाण्यात रंग सुटेल अशी भीती नसते.

ज्यांच्या यादीत काळ्या अक्षरांची कामे जास्त आहेत त्यांनी साधा काळापांढरा लेझर घ्यावा, असे मी निःशंकपणे सुचवेन. एचपी लेझरजेट १०२० किंवा कॅनन एलबीपी २९०० यांसारखे प्रिंटर आपल्याकडे असंख्य कार्यालयांत, झेरॉक्सच्या दुकानांत आणि सनदी लेखापालांकडे वर्षानुवर्षे चालत आलेले आहेत. जुने यंत्र दुरुस्त करून देणारे, रोलर आणि कार्ट्रिज मिळवून देणारे लोक मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या गावापर्यंत सापडतात. डिकॅलसाठी लागणारी अक्षरे या साध्या यंत्रांवर रंगीत यंत्रांपेक्षा अनेकदा अधिक स्वच्छ येतात, कारण काळे अक्षर टोनर पानावर उतरवणाऱ्या एकाच ड्रमवरून एकाच रंगात उमटते आणि रंग एकमेकांवर नीट न बसण्याचा प्रश्नच येत नाही. मात्र जुने यंत्र घेण्याआधी आपल्या संगणकाच्या प्रणालीवर त्याचा ड्रायव्हर चालतो याची खात्री करावी.

रंगीत लेझर घ्यायचा असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवावी. शुद्ध सायन, मॅजेंटा, पिवळा, काळा आणि त्यांतील दोन रंग पूर्ण भरून होणारे लाल, हिरवे, निळे हे रंग सलग आणि स्वच्छ येतात. केशरीसाठी मात्र पूर्ण पिवळ्यावर मॅजेंटाचे ठिपके पडतात, म्हणून तिरंगी चिन्हाचा केशरी भिंगातून पाहिल्यास खडबडीत दिसतो. हातभर अंतरावरून ते जाणवत नाही, पण स्पर्धेत ठेवायच्या प्रतिकृतीसाठी हे आधी तपासलेले बरे. शिवाय अनेक रंगांचे थर एकावर एक आले की टोनरचा थर जाड आणि कडक होतो. विमानाच्या नाकासारख्या वळणावर किंवा रिव्हेटवर तो बसवताना तडकू शकतो.

लेझर निवडताना मी सर्वांत जास्त महत्त्व कागदाच्या मार्गाला देतो. डिकॅलचा कागद आत जाऊन दोनदा उलटा वळत असेल तर फिल्मला सुरकुती पडण्याचा, कोपरा अडकण्याचा आणि टोनर सुटण्याचा धोका असतो. ज्या प्रिंटरला समोरून एकेक पान घालण्याची खाच आहे आणि मागचे झाकण उघडून पान सरळ बाहेर काढता येते, तो पसंत करावा. सेटिंगमध्ये जाड कागद किंवा लेबल असा पर्याय आहे का तेही पाहावे. तो निवडला की पान फ्यूजरमधून सावकाश जाते किंवा त्याला जास्त उष्णता मिळते आणि टोनर फिल्मला पक्का चिकटतो. काही कागद या जादा उष्णतेने आकसतात, म्हणून आधी एक लहान मजकूर छापून पाहावा.

येथे एक इशारा ठळकपणे द्यावासा वाटतो. इंकजेटसाठी बनवलेला डिकॅल कागद लेझर प्रिंटरमध्ये कधीही घालू नये. त्याचा थर फ्यूजरच्या उष्णतेत वितळून रोलरला चिकटू शकतो आणि दुरुस्तीचा खर्च कधी कधी नव्या प्रिंटरइतका येतो. उलट लेझरचा कागद इंकजेटमध्ये घातला तर यंत्राचे नुकसान होत नाही, पण शाई फिल्मवर थेंबाथेंबांनी उभी राहते आणि बोट लागताच पुसली जाते. पाकिटातून सुटा काढलेला कागद कोणत्या प्रकारचा आहे हे नुसते पाहून ओळखता येत नाही, म्हणून प्रत्येक पानाच्या मागे कोपऱ्यात पेन्सिलीने तो प्रकार लिहून ठेवावा. पाकीट सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट बंद करून ठेवावे. कोकणासारख्या दमट हवेत उघडे राहिलेले पान वळते आणि वळलेले पान प्रिंटरमध्ये सरळ जात नाही.

बारीक देवनागरी अक्षरे

अक्षरांच्या आकाराचा हिशेब खरेदीपूर्वी करायला हवा. समजा खऱ्या डब्यावरचे अक्षर १५ सेंटिमीटर उंच आहे. १:८७ प्रमाणात ते सुमारे १.७ मिलिमीटर होते. त्या अक्षराचा दंड २ सेंटिमीटर जाड असेल तर प्रतिकृतीवर तो ०.२३ मिलिमीटर होतो. इंचाला ६०० ठिपके छापणाऱ्या प्रिंटरचा एक ठिपका साधारण ०.०४२ मिलिमीटरचा असतो, म्हणजे त्या दंडासाठी पाचसहा ठिपके मिळतात आणि १२०० ठिपक्यांच्या प्रिंटरवर दहाअकरा. रोमन लिपीतील मोठ्या अक्षरांना पाचसहा ठिपके पुरतात. देवनागरीत मात्र शिरोरेषा, तिच्यावरच्या मात्रा, अनुस्वार आणि ‘ध्य’सारख्या जोडाक्षरातील अर्धे अक्षर हे सगळे त्याच १.७ मिलिमीटरमध्ये बसवायचे असते. तिथे सर्वांत बारीक रेघ दोनतीन ठिपक्यांवर येते आणि जोडाक्षर भरून जाऊन काळा ठिपका दिसू लागतो.

त्यामुळे देवनागरी मजकूर छापणाऱ्याने खरोखर १२०० ठिपके देणारे यंत्र शोधणे योग्य आहे. जाहिरातीतील मोठे आकडे पुष्कळदा सॉफ्टवेअरने कडा गुळगुळीत करून मिळवलेले असतात, म्हणून तपशीलपत्रकात मूळ रिझोल्यूशन, म्हणजे इंचाला खरे ठिपके किती, काय आहे ते वाचावे. इंकजेटच्या बाबतीत खोक्यावर ४८०० किंवा ५७६० असा आकडा असला तरी फिल्मवर शाईचा थेंब पसरतो आणि प्रत्यक्षात काळ्या अक्षराची कड ६०० च्या लेझरइतकीही धारदार येत नाही. मोठ्या प्रमाणातील प्रतिकृतींना, म्हणजे १:२४ च्या बसला किंवा १:३५ च्या लष्करी गाडीला, हा प्रश्न जवळजवळ येतच नाही. अशा प्रतिकृती करणाऱ्यांनी रिझोल्यूशनसाठी जास्त पैसे मोजू नयेत.

फाइल करताना अक्षरे चित्र म्हणून न ठेवता इंकस्केपसारख्या मोफत व्हेक्टर सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे ठिपक्यांऐवजी रेषांनी आकृती काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, रेखाटावीत. जेपीजी चित्रातील अक्षरांच्या कडेला जी करडी झालर असते ती लेझर ठिपक्यांच्या जाळीत बदलतो आणि उत्तम प्रिंटरही वाईट दिसू लागतो. छापताना ‘पानात बसवा’ हा पर्याय बंद करून शंभर टक्के आकार निवडावा आणि साध्या कागदावर एक प्रत काढून ती मोजपट्टीने मोजावी, प्रतिकृतीवर धरून पाहावी आणि मगच डिकॅलचे पान घालावे.

पांढरा टोनर, आल्प्स आणि सोनेरी रेघ

छांदिष्टांच्या जुन्या पिढीत आल्प्स या जपानी कंपनीच्या एमडी मालिकेतील प्रिंटरांचे नाव आदराने घेतले जाते. त्यांत शाई नव्हती. रंगाच्या कोरड्या थराची रिबन असे आणि हेडच्या उष्णतेने तो थर पानावर उतरत असे. पांढरा, सोनेरी, चंदेरी असे रंग त्यात मिळत, आणि तेच पान पुन्हा आत घेऊन एकावर एक रंग छापता येत. पांढऱ्यावर लाल, त्यावर काळा असे अपारदर्शक थर घरी छापण्याची सोय इतर कोणत्याही घरगुती यंत्राने इतकी सहज दिली नाही. पण या यंत्रांचे उत्पादन बंद होऊन बरीच वर्षे झाली आहेत, रिबन जुन्या साठ्यातून शोधाव्या लागतात आणि आजच्या संगणकाशी ती जोडणे हे स्वतंत्र काम होऊन बसते. कितीही मोह झाला तरी आज नव्याने सुरुवात करणाऱ्याने ते घेऊ नये असे माझे मत आहे.

आजचा पर्याय पांढऱ्या टोनरचा आहे. ओकेआय कंपनीच्या प्रो७४११डब्ल्यूटीसारख्या यंत्रांत काळ्याच्या जागी पांढरा टोनर असतो. घोस्ट या जर्मन कंपनीचा पांढरा टोनर काही ठरावीक एचपी आणि इतर लेझर प्रिंटरांत काळ्या कार्ट्रिजच्या जागी बसतो. दुसरा पर्याय घरासाठी अधिक आवाक्यातला आहे. फाइलमध्ये जे काळे असेल ते पांढरे उमटते, आणि मालडब्यावरील एकरंगी पांढऱ्या अक्षरांसाठी एवढे पुरते. मात्र दोन गोष्टी आधी विचाराव्यात. पांढऱ्याचा एक थर पूर्ण झाकणारा असतोच असे नाही, गडद लालवर तो किंचित गुलाबी झाक दाखवू शकतो. आणि रंगीत यंत्र असेल तर पांढरा रंगांच्या खाली बसतो की वर हे विचारावे, कारण यांतील बरीच यंत्रे कपड्यांवरील छपाईसाठी विकली जातात. तिथे छपाई उलटी उतरवली जात असल्यामुळे पांढरा वर असावा लागतो, तर आपल्याला तो खाली हवा असतो. एवढ्या खर्चाचे यंत्र एकट्याने घेण्यापेक्षा चारपाच छांदिष्टांनी मिळून घ्यावे. ते पुरेसे वापरात राहील आणि टोनरही पडून राहणार नाही.

सोनेरी रंगाची गरज कमी पडते, पण पडते तेव्हा दुसरे काही चालत नाही. १ जून १९३० रोजी मुंबई आणि पुणे यांच्यामध्ये डेक्कन क्वीन सुरू झाली तेव्हा तिच्या एका रेकचा, म्हणजे डब्यांच्या जोडलेल्या संचाचा, रंग गडद निळा होता आणि त्यावर सोनेरी रेघा होत्या, तर दुसरा रेक लाल पट्ट्यांसह रुपेरी होता. तो निळा डबा बनवायचा तर पिवळ्या टोनरने सोने दिसणार नाही. लग्नपत्रिका आणि व्हिजिटिंग कार्ड छापणारे लोक लेझरच्या काळ्या छपाईवर सोनेरी फॉइल ठेवून लॅमिनेटरमधून काढतात, म्हणजे फॉइल फक्त टोनरला चिकटते. हीच युक्ती लेझरच्या डिकॅल कागदावर करता येते. फिल्म उष्णतेने आकसू नये म्हणून लॅमिनेटर कमी तापमानापासून सुरू करून तुकड्यावर चाचणी घ्यावी. रेघा पुरेशा जाड असतील तर निकाल फार देखणा येतो. लेझर घेण्याच्या बाजूने हे आणखी एक कारण आहे.

दुकानात तपासणी

प्रिंटर नवा असो वा जुना, विकत घेण्यापूर्वी एक चाचणी पान पेनड्राइव्हवर घेऊन जावे. त्यावर ०.१, ०.२ आणि ०.३ मिलिमीटर जाडीच्या आडव्या, उभ्या आणि तिरक्या रेघा, दीड ते तीन मिलिमीटर उंचीत ‘मध्य रेल’, ‘कल्याण’, ‘शयनयान’ असे शब्द, एक भरीव काळा चौकोन आणि रंगीत यंत्र असेल तर केशरीच्या चारपाच छटा ठेवाव्यात. सोबत एक साधे भिंग ठेवावे. रेघा तुटतात का, शिरोरेषा सलग राहते का, चौकोनात फिकट डाग पडतात का हे तिथेच पाहावे.

यानंतर दुकानदाराला एक कोरे पान छापायला सांगावे. ही चाचणी फारसे कोणी करत नाही, पण डिकॅलसाठी ती इतर सर्व चाचण्यांपेक्षा महत्त्वाची आहे. ड्रम झिजलेला असेल किंवा कार्ट्रिज निकृष्ट टोनरने रिफिल केलेले असेल, तर कोऱ्या पानावर काळ्या कणांची पुसट धूळ दिसते किंवा ठरावीक अंतरावर तोच डाग पुन्हा पुन्हा येतो. कार्यालयीन पत्रावर हे कोणाच्या लक्षातही येत नाही. पारदर्शक फिल्मवर तीच धूळ पांढऱ्या डब्यावर मळासारखी दिसते आणि ती पुसता येत नाही. दोष कार्ट्रिजचा असेल तर तो बदलून निघतो, म्हणून जुने यंत्र पसंत पडले तर नव्या कार्ट्रिजसह पुन्हा हीच चाचणी घेण्याचा आग्रह धरावा. रोजच्या पानांसाठी रिफिल आणि डिकॅलसाठी वेगळे ठेवलेले नवे कार्ट्रिज अशी व्यवस्था करणे परवडण्यासारखे आहे, कारण डिकॅलवर टोनर अगदी थोडा खर्च होतो.

यादीतील काही कामे घरच्या यंत्राने होणार नाहीत हे नक्की झाले, तर ती डिजिटल छपाईवाल्याकडे न्यावीत. त्यांच्या मोठ्या लेझर यंत्रांवर रंग अधिक सलग येतात, पण अनोळखी कागद यंत्रात घालायला ते साहजिकच तयार नसतात. कागदाचे मूळ पाकीट, ज्यावर तो लेझरसाठी असल्याचे छापलेले आहे, ते दाखवावे आणि फाइल पीडीएफ स्वरूपात न्यावी. पाठवण्यापूर्वी इंकस्केपमध्ये सर्व मजकूर पाथमध्ये, म्हणजे अक्षरांच्या आकारांच्या आकृत्यांत, बदलून घ्यावा, अन्यथा त्यांच्या संगणकावर आपला फॉन्ट नसेल तर जोडाक्षरे सुटी होतात आणि वेलांट्या चुकीच्या जागी जातात. हल्ली अनेक शहरांत यूव्ही डीटीएफ, म्हणजे अतिनील प्रकाशात घट्ट होणाऱ्या शाईने फिल्मवर छापलेले, स्टिकर छापून मिळतात आणि त्यांत पांढरा रंगही असतो. त्यांची जाडी १:८७ किंवा १:७२ च्या प्रतिकृतीवर खटकते, पण १:२४ च्या बसवरील नावाच्या पाटीला किंवा मोठ्या ट्रकच्या फळीला ते चांगले शोभतात. छपाईवाल्याकडे किमान एक पूर्ण पान छापावे लागतेच, म्हणून पुढच्या तीनचार प्रतिकृतींचे क्रमांक, चिन्हे आणि त्यांच्या दोनदोन जादा प्रती त्याच पानावर दाटीने मांडून मगच फाइल न्यावी.